घड्याळ पहिल्या भेटीपासून लावा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक,
देशातील बारा सरकारी बँका

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी एका बँकेत मी ३३ वर्षे नोकरी केली. कॅश काउंटरला क्लार्क म्हणून लागलो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. बँकेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की पत्र त्या एका बँकेच्या तक्रार विभागाकडे जाईल, ठरावीक साच्याचे उत्तर येईल आणि बाकीच्या अकरा जणांना वाटेल की हे आपल्यासाठी नाही. पत्र बाराही जणांसाठी आहे आणि मागणी एकच आहे : खातेदाराच्या कामाचे दिवस त्याच्या पहिल्या भेटीपासून मोजा.

गेल्या वर्षी आषाढी झाली आणि पंधरा दिवसांत माझे दाजी गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. त्यांची खाती एकाच बँकेच्या दोन शाखांत होती. पेन्शनचे बचत खाते गावाजवळच्या शाखेत आणि दोन मुदत ठेवी तालुक्याच्या शाखेत. सगळीकडे नॉमिनी माझी मोठी बहीण. दोन शाखांमधले अंतर २२ किलोमीटर. बँक एक, नियम एक, फॉर्म एक, सॉफ्टवेअरही एक.

दाजींचे पैसे ताईला मिळायचे काम गावाजवळच्या शाखेत ६ दिवसांत झाले. तालुक्याच्या शाखेत १३१ दिवस लागले.

दोन्हीकडे काय घडले ते सविस्तर सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यातच आहे.

पहिल्या शाखेत ताई मंगळवारी गेली. काउंटरवरच्या मुलीने तिला खुर्ची दिली आणि ड्रॉवरमधून अर्धा फुलस्केप कागद काढला. तो तिचा तिनेच तयार केलेला होता, मराठीत हाताने लिहून झेरॉक्स काढलेला. डाव्या बाजूला ‘नॉमिनी असेल तर’, उजव्या बाजूला ‘नॉमिनी नसेल तर’. डावीकडे चारच ओळी : मृत्यू दाखला, नॉमिनीचे आधार-पॅन, पासबुक, भरलेला फॉर्म. तिने त्या चार ओळींवर पेन्सिलने खुणा केल्या आणि म्हणाली, “काकू, यातलं आत्ता जवळ काय आहे ते द्या. मूळ दाखला बघून लगेच परत देते. राहिलेलं शुक्रवारी आणा, तिसरी चक्कर पडणार नाही.” फॉर्मही तिनेच भरला, ताईने फक्त सह्या केल्या. पुढच्या सोमवारी पैसे ताईच्या खात्यावर होते.

तालुक्याच्या शाखेत पहिल्या खेपेला साहेब ट्रेनिंगला गेलेले. दुसऱ्या खेपेला मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत मागितली. तिसऱ्या खेपेला वारस दाखला. चौथ्या खेपेला पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र आणि दोन जामीनदार, तेही त्याच शाखेचे खातेदार हवेत. नॉमिनी असताना यातले वारस दाखला, हमीपत्र, जामीनदार काहीही मागू नये, रक्कम कितीही असो, असे रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच सगळ्या बँकांना लिहून कळवले आहे. ताईला हे माहीत असायचे कारण नव्हते. मला माहीत होते. तरीही तिसऱ्या खेपेनंतर तिचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, “ताई, मयताच्या खात्याला वेळ लागतोच, होईल.” ३३ वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून हे वाक्य माझ्या तोंडी बसले आहे. याची मला लाज वाटते आणि हे पत्र लिहिण्यामागे तीही आहे.

पाचव्या खेपेला मी बरोबर गेलो. तिथला अधिकारी उर्मट नव्हता, कामचुकारही नव्हता. तीन महिन्यांपूर्वी शहरातल्या कर्ज विभागातून बदलून आलेला. मयत खातेदाराचा दावा त्याने आयुष्यात हाताळला नव्हता. समोर पासबुकवाल्यांची रांग, डाव्या हाताला बंद पडलेला प्रिंटर, फोनवर रिजनल ऑफिस. मला म्हणाला, “सर, उद्या कुणी दुसरा वारस उभा राहिला तर स्टाफ अकाउंटेबिलिटी माझ्यावर येईल. चार कागद जास्तीचे असलेले बरे.” ही भीती मला पाठ आहे. त्याला कुणी शिकवलेच नव्हते. आणि २२ किलोमीटरवर त्याच्याच बँकेतल्या एका मुलीच्या ड्रॉवरमध्ये त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे अर्ध्या फुलस्केपवर लिहिलेली होती.

शेवटी पैसे मिळाले. मग मी सवयीने दाव्यांच्या नोंदवहीत डोकावलो. ‘अर्ज मिळाल्याची तारीख’ या रकान्यात ताईच्या सातव्या खेपेची, म्हणजे शेवटचा कागद दिल्याची तारीख होती. तिथून मोजले तर दावा ९ दिवसांत निकाली. वर जाणाऱ्या अहवालात दोन्ही शाखा मुदतीच्या आत, दोन्ही हिरव्या.

ताई मला म्हणाली, “अरे, पैशावाचून अडलं नव्हतं माझं. पण दर खेपेला पिशवीतून त्यांच्या मरणाचा कागद काढायचा आणि काचेखालून सरकवायचा, ते नको वाटायचं.”

साहेब, बँकेत तुलना होत नाही असे मी म्हणणार नाही. तुलना तर रोजच होते. २०१८ साली सरकारी बँकांच्या सुधारणांचा कार्यक्रम आला, त्यातून ‘ईझ’ (EASE) हा बँकांची सेवा आणि सुधारणा मोजणारा निर्देशांक आला. दरवर्षी बँकांना शंभरपैकी गुण मिळू लागले. मार्च २०१९ मध्ये सरासरी ४९.२ होती, मार्च २०२० मध्ये ती ६७.४ झाली. डिजिटल व्यवहार, कर्जवसुली, घरपोच सेवा यांत सुधारणा झाली आणि ती मी आतून पाहिली. त्या निर्देशांकावर माझा राग नाही. माझे म्हणणे असे आहे की बँकेला गुण देणारी तुलना शाखेच्या काउंटरपर्यंत उतरलीच नाही. ताईच्या १३१ दिवसांचा त्या शंभर गुणांत कुठेही मागमूस नाही.

तुलनेतून शिकणे कसे असते ते मी एकदा अनुभवले आहे. १९९४ साल. माझ्या शाखेत बचत खात्यांची ३२ लेजर, म्हणजे खातेवह्या, होती आणि बॅलन्सिंग वर्षभर मागे पडले होते. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ठाऊक आहे : प्रत्येक लेजरची बेरीज जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य वहीशी, जुळली पाहिजे, आणि वर्षभराचा फरक शोधायचा म्हणजे विहिरीत पडलेली सुई शोधायची. आमचे तेव्हाचे मॅनेजर रागावले नाहीत. शेजारच्या तालुक्यातली एक शाखा बॅलन्सिंगमध्ये कधीच मागे नसते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मला आणि एका सहकाऱ्याला दोन दिवस तिकडे पाठवले. एस.टी.चे भाडे आणि भत्ता दिला, आणि सांगितले, “काही विचारू नका, नुसतं बसून बघा. मग विचारा.”

आम्ही बसलो. तिथे दुपारी कॅश बंद झाली की रोज दोन लेजर जुळवायची, पाळीपाळीने. महिनाअखेरची वाट बघायची नाही. सोळा कामाच्या दिवसांत ३२ लेजरचा फेरा पुरा. फरक निघाला तर तो दोनच लेजरमधला आणि सोळा दिवसांतलाच, संध्याकाळपर्यंत सापडायचा. दुसरी गोष्ट आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसली. बॅलन्सिंगची वही साहेबांच्या कपाटात नसायची, लेजरच्या रॅकवरच असायची. एवढेच. परत येऊन आम्ही तसेच केले आणि चार महिन्यांत शाखा जुळली. आम्ही त्याला कुठलेही नाव दिले नाही. तुमच्या सादरीकरणांत त्यालाच बेंचमार्किंग म्हणतात.

या शब्दाला उद्योगजगतात आजचा अर्थ मिळाला तो झेरॉक्स कंपनीमुळे, जिच्या नावाची दुकाने आपल्या प्रत्येक शाखेच्या शेजारी आहेत. १९७९ च्या सुमारास त्या अमेरिकन कंपनीच्या लक्षात आले की जपानी यंत्रे बाजारात ज्या किमतीला विकली जातात, तेवढा तर आपला नुसता बनवायचा खर्च आहे. मग तिने आपले प्रत्येक काम दुसऱ्यांच्या कामाशी ताडून पाहायला घेतले. गोदामातून माल काढून रवाना करायचे काम शिकायला तिची माणसे एल. एल. बीन या टपालाने कपडे आणि बूट विकणाऱ्या कंपनीच्या गोदामात गेली. कॉपी मशीनवाले बूटवाल्यांकडे गेले, कारण तेवढे एक काम तिथे चांगले होत होते. कोण कितव्या नंबरवर आहे हे बघायला ते गेले नव्हते.

आता माझ्या तक्रारी. राग आहे, पण कुणाचा अपमान करायचा नाही.

पहिली तक्रार घड्याळाची. मयत खातेदारांच्या दाव्यांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला सांगितले. सगळी कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर ठेवीवर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या व्याजदराच्या) वर ४ टक्के दराने भरपाई द्यायची. निर्देश चांगलेच आहेत. पण ‘सगळी कागदपत्रे मिळाल्यापासून’ या तीन शब्दांत माझ्या ताईचे १२२ दिवस गडप होतात. कागदपत्रे पूर्ण झाली हे ठरवणार बँक, काय अपुरे आहे हे सांगणारही बँकच. एका भेटीत एक कागद सांगितला की घड्याळ सुरूच होत नाही. रिझर्व्ह बँकेने शेवटची मर्यादा घालून दिली आहे. पहिल्या भेटीपासून मोजायला तिने तुम्हाला मनाई केलेली नाही. तुम्ही मोजत नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि हा प्रश्न एका घरापुरता नाही. १० वर्षे कुणी हात न लावलेल्या ठेवी बँकांकडून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. त्यातले किती पैसे चौथ्या-पाचव्या खेपेला थकून घरी बसलेल्या माणसांचे असतील, हे तुमच्या कुठल्याही नोंदवहीतून काढता येणार नाही, कारण त्या खेपांची नोंदच नाही.

दुसरी तक्रार रँकिंगची. मी व्यवस्थापक असताना रोज संध्याकाळी सातच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता यायचा. वरच्या दहा शाखा हिरव्यात, खालच्या दहा लाल रंगात. लॉगिन डेचा (एका दिवसात एखादी योजना विकायच्या मोहिमेचा) तक्ता, विम्याचा, कासाचा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवींचा), मार्चमध्ये वसुलीचा. वरच्या दहांनी ते कसे केले, हे त्या तक्त्यासोबत एकदाही आले नाही. त्यामुळे आम्ही शिकलो ते लाल रंगातून बाहेर कसे पडायचे एवढेच. ३१ मार्चला ओळखीच्या व्यापाऱ्याच्या हातापाया पडून ठेव आणायची आणि एप्रिल उजाडला की परत जाऊ द्यायची. तो तक्ता मीही माझ्या स्टाफच्या ग्रुपवर पुढे पाठवत होतो. खाली ‘कृपया लक्ष द्यावे’ असे लिहीत होतो. कशाकडे लक्ष द्यायचे ते मलाही माहीत नसायचे.

तिसरी, तक्रारींची मोजणी. ज्या शाखेत लेखी तक्रारी शून्य ती शाखा उत्तम, असे धरले जाते. तक्रार वही मागितली तर “साहेबांना भेटा” म्हणणाऱ्या शाखेत तक्रारी शून्यच असणार. ताईच्या सात खेपांची तक्रार कुठेही नोंदलेली नाही. ती तक्रार करणाऱ्यातली नाही, आणि तिच्यासारखेच लोक तुमच्या खेड्यापाड्यांतल्या शाखांत जास्त आहेत.

चौथी तक्रार पीक कर्जाची आहे आणि ती मला ताईच्या प्रकरणापेक्षाही जास्त जाचते, कारण त्यात दिवसाचा हिशेब रुपयांत होतो. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडते. म्हणून शेतकरी मुदतीच्या आत नवं-जुनं करायला धडपडतो. ज्याच्या हातात तेव्हा पैसा नसतो तो चार दिवसांसाठी गावातल्या सावकाराकडून किंवा आडत्याकडून उचल घेतो, जुने कर्ज भरतो आणि नवे मंजूर होऊन खात्यावर आले की उचल परत करतो. आता ते चार दिवस चारच राहतील की चाळीस होतील, हे त्या शाखेवर अवलंबून असते. मी अशी शाखा पाहिली आहे जिथे मार्चआधीच सातबारा आणि आठ-अ मागवून फाइल तयार ठेवत, भरणा झाला त्याच दिवशी नवे कर्ज जमा होई. आणि अशीही पाहिली आहे जिथे भरणा झाल्यावर सांगत की आता सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा आणि बोजाचा वकिलाचा अहवाल) आणा. पहिल्या शाखेचा शेतकरी पेरणीला लागलेला असतो तेव्हा दुसऱ्या शाखेचा सावकाराचे व्याज भरत असतो. जिल्हास्तरीय बँकर्स समितीत पीक कर्जाचे उद्दिष्ट किती टक्के पूर्ण झाले याची चर्चा तासन्‌तास होते. भरणा आणि नवी जमा यांत किती दिवस गेले, हा रकाना मी त्या तक्त्यात कधी पाहिला नाही. दोन्ही तारखा सीबीएसमध्ये, म्हणजे सगळ्या शाखांना जोडणाऱ्या संगणक प्रणालीत, आहेत. एका बटणाचे काम आहे.

पाचवी गोष्ट थोडी जुनी. १९७५ मध्ये तलवार समिती नेमली, १९९० मध्ये गोइपोरिया समिती, २०१० मध्ये दामोदरन समिती. पन्नास वर्षे ग्राहकसेवेवर अहवाल येत आहेत. गोइपोरिया समितीमुळे एक साधी गोष्ट शाखाशाखांत आली होती : कोणत्या कामाला किती वेळ लागेल याचा फलक. आमच्या शाखेत तो कॅशच्या जाळीशेजारी होता, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरे. पैसे काढायला किती मिनिटे, ड्राफ्टला किती, पासबुक भरायला किती. पितळी टोकन हातात घेऊन बसलेले खातेदार त्या फलकाकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे आळीपाळीने बघत आणि आमचे हात आपोआप चालत. पुढे शाखेचे नूतनीकरण झाले, फलक रेकॉर्ड रूममध्ये गेला आणि त्या जागी टीव्ही आला, ज्यावर विम्याची जाहिरात चालते. असे फलक लावायचे हे आजही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. तुमच्या किती शाखांत ते आहेत, एकदा फिरून बघा.

२००६ मध्ये बँकिंग संहिता व मानक मंडळ स्थापन झाले होते, ते बँकांना ग्राहकांना दिलेल्या वचनांवरून श्रेणी देत असे. तेही नंतर विसर्जित झाले. १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या. दोन वेगवेगळ्या बँकांच्या पद्धती एका छताखाली आल्या, यातली कुठली चांगली हे शांतपणे बघायची इतकी मोठी संधी पुन्हा मिळणार नाही. मोठ्या बँकेची पद्धत राहिली, लहान बँकेची गेली, आणि त्या लहान बँकेत काय चांगले होते हे तिथल्या माणसांसोबत निवृत्त होत आहे.

एक मात्र तुमच्या बाजूनेही सांगतो. सरकारी बँकेच्या खेड्यातल्या शाखेची तुलना पुण्यातल्या खासगी बँकेच्या काचेच्या शाखेशी करणे अन्यायाचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा आधार जोडणीसाठी बायकांच्या रांगा आमच्या शाखांच्या दारात लागल्या होत्या, त्या खासगी बँकांच्या दारात फारशा नव्हत्या. त्या गर्दीत एका शाखेने झाडाखाली दोन टेबले टाकली, एकावर नुसते ‘आधार जोडले आहे की नाही’ एवढेच बघून सांगायचे. अर्ध्याहून जास्त बायका तिथूनच घरी गेल्या, आत यायची गरजच पडली नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या शाखेत दार ओढून घेऊन दहा-दहा जणींना आत सोडत होते. दोन्ही शाखांत स्टाफ तेवढाच. तुलना व्हायला हवी ती अशा दोन शाखांची. ती झाडाखालची युक्ती तुमच्या एकाही परिपत्रकात आली नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

मयत दावा, पीक कर्जाचे नवं-जुनं, कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे परत देणे आणि बोजा उतरवायचे पत्र, एटीएममध्ये अडकलेली रक्कम, मोबाइल क्रमांक किंवा पत्ता बदलणे, या पाच कामांसाठी खातेदार पहिल्यांदा आला त्या दिवशी तारखेची पावती द्या. पावतीवर लागणारे सगळे कागद एकदाच लिहा. पुढे नवा कागद मागायचा तर कोणत्या नियमाने मागितला ते लिहून शाखाधिकाऱ्याने सही करावी. मोजायचे ते या पावतीच्या तारखेपासून. कर्जाची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायची आणि उशिराला दिवसाला ५,००० रुपये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केला, तेव्हापासून त्या एका कामात शाखांची चाल कशी बदलली ते तुम्हीही पाहिले आहे.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक शाखेचे या पाच कामांचे दिवस शाखेच्या दारावर लावा, मराठीत. सरासरी नको. वीस दावे असतील तर ते दिवसांच्या क्रमाने लावून मधल्या दाव्याला किती दिवस लागले आणि सर्वांत जास्त दिवस कुठल्या दाव्याला लागले, हे दोन आकडे पुरे. सरासरीत माझी ताई दिसणार नाही, सर्वांत जास्तच्या आकड्यात दिसेल. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, सरकारी कार्यालयाला अधिसूचित सेवांची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव लावावे लागते, वेळेत काम झाले नाही तर अपील करता येते. तहसील कचेरीने जे लावायचे ते बँकेला का जड जावे?

ज्या शाखेला जास्त दिवस लागतात तिथल्या क्लार्कला आणि अधिकाऱ्याला दोन दिवस, तशाच आकाराच्या आणि तशाच गावातल्या चांगल्या शाखेत नुसते बसायला पाठवा. भत्ता द्या. ट्रेनिंग सेंटरच्या हॉलमध्ये नको, काउंटरच्या मागे स्टूल टाकून. परत आल्यावर एक पान लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. ज्या शाखेत ते गेले तिथल्या माणसाचे नाव त्या पानावर असू द्या. ड्रॉवरमध्ये कागद ठेवणाऱ्या त्या मुलीला आजवर कुणी शाबासकीचे पत्र दिलेले नाही. तिला तर आपण काही वेगळे करतो हेही माहीत नव्हते.

हे आकडे कुणाच्या बदलीसाठी, बढतीसाठी किंवा मेमोसाठी वापरणार नाही असे लेखी परिपत्रक काढा आणि ते पाळा. ज्या दिवशी हा तक्ता संध्याकाळी सातच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लाल-हिरव्यात येईल, त्या दिवशी शाखा पावतीवरची तारीख पुढची टाकायला शिकतील. आम्ही शिकलो होतो तसेच.

आणि स्टाफ. एक अधिकारी, एक क्लार्क आणि एक शिपाई एवढ्यावर चालणाऱ्या शाखेला फक्त आकडे दाखवून उपयोग नाही. मोजल्यावर जर असे दिसले की अमुक इतक्या खातेदारांच्या शाखेत दोन माणसांत हे काम होऊच शकत नाही, तर तिसरा माणूस द्या. मोजणीतून हेही निघाले पाहिजे, नाहीतर कर्मचारी तिला एका महिन्यात ओळखतील.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक शाखेत दर महिन्याला ग्राहक सेवा समितीची बैठक घ्यायची असते आणि तिच्यात शक्यतो एक ज्येष्ठ नागरिक असावा असे म्हटले आहे. मी ज्येष्ठ नागरिक आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या तुमच्या कुठल्याही शाखेत, बाराही बँकांपैकी कुणाच्याही, पहिली मोजणी करायला मी यायला तयार आहे. पावती पुस्तक मी आणतो, घड्याळ माझे, मानधन नको. तालुक्याच्या त्या शाखेपासून सुरुवात केली तर मला जास्त आवडेल. तो अधिकारी अजून तिथेच आहे आणि ताईची ती अर्ध्या फुलस्केपची झेरॉक्स मी त्याला देऊन आलो आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखा व्यवस्थापक
बार्शी, जि. सोलापूर